रेणूंचा वकील : लुडविग बोल्ट्झमन

स्टीम टेबल उघडलं की प्रेशर, टेंपरेचर, व्हॉल्यूम, एन्थाल्पी इथपर्यंत आपली गाडी बरी चालते. मग शेवटचा कॉलम येतो... एन्ट्रॉपी! व्हायव्हामध्ये एक्स्टर्नलने एन्ट्रॉपी म्हणजे काय असं विचारलं, की आपण सगळे एका सुरात डिसऑर्डर असं ठोकून देतो आणि पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून देवाचं नाव घेतो. कारण पुढचा प्रश्न सरळ असतो. डिसऑर्डर, पण कोणाची?

उत्तर आहे, रेणूंची. हे उत्तर ज्याने दिलं त्या माणसाची ही गोष्ट. नाव लुडविग बोल्ट्झमन, राहणार व्हिएन्ना.

मित्रांनो, शाळेच्या पुस्तकातलं ते चित्र आठवा. तीन चौकोन आणि त्यात गोल गोल ठिपके. स्थायूमध्ये ठिपके रांगेत उभे राहून जागच्या जागी थरथरतात, द्रवात एकमेकांना घासत, सरकत फिरतात, आणि वायूत मोकाट सुटतात. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना स्थायू हा शब्द जरा जड जातो. स्थायू म्हणजे सॉलिड.) दोन मार्कांचा प्रश्न, उत्तर पाठ, विषय संपला. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातले मोठे मोठे प्रोफेसर हे ठिपके खरोखर आहेत की नाहीत यावर चक्क भांडत होते. रेणू कोणी पाहिले आहेत का? नाही ना? मग ही नुसती हिशोबाची सोय आहे, असं म्हणणारी मंडळी काही साधीसुधी नव्हती. त्यांच्यासमोर उभं राहून जन्मभर रेणूंची वकिली करायची, आणि तीही कोर्टात एकही साक्षीदार हजर करता येत नसताना, हे काम बोल्ट्झमनने केलं.

त्याचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ चा, व्हिएन्नातला. तिथे ती रात्र कार्निव्हलच्या धमालीची शेवटची रात्र होती आणि दुसऱ्या दिवसापासून उपासाचे दिवस सुरू होणार होते. आपला स्वभाव घटकेत आनंदी आणि घटकेत उदास का, याचं कारण तो गमतीने या जन्मवेळेत शोधायचा. वडील कर खात्यात नोकरीला. त्यांच्या बदल्यांमुळे बालपण वेल्स आणि लिंझ या गावांत गेलं. लिंझला त्याला पियानो शिकवायला अँटोन ब्रुकनर होता, जो पुढे फार मोठा संगीतकार झाला. पियानो बोल्ट्झमनने शेवटपर्यंत सोडला नाही आणि बीथोव्हेन हा त्याचा देव होता. तो पंधरा वर्षांचा असताना वडील वारले. आईने होतं नव्हतं ते पणाला लावून मुलाचं शिक्षण केलं.

१८६३ साली तो व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाला. इथली फिजिक्सची इन्स्टिट्यूट लहानशीच होती, पण माणसं अफलातून होती. एक योसेफ स्टेफान, म्हणजे आपल्या हीट ट्रान्सफरमधल्या स्टेफान-बोल्ट्झमन नियमातला स्टेफान. दुसरा योसेफ लोश्मिट, ज्याने १८६५ मध्ये हवेच्या रेणूचा आकार किती असेल याचा पहिला बरा अंदाज बांधला. स्टेफानने या नव्या पोराला मॅक्सवेलचे पेपर वाचायला दिले. अडचण अशी की बोल्ट्झमनला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून स्टेफानने पेपरबरोबर इंग्रजीच्या व्याकरणाचं पुस्तकही हातात ठेवलं! गाईड असावा तर असा.

त्या वेळी रेणूंचं शास्त्र कुठवर आलं होतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

१८५७ साली जर्मनीच्या रुडॉल्फ क्लॉसियसने लिहिलं की उष्णता म्हणजे दुसरं तिसरं काही नसून रेणूंची हालचाल आहे. शाळेच्या पुस्तकातले ते तीन चौकोन मूळचे जवळजवळ त्याचेच. स्थायूत रेणू आपापल्या जागेभोवती झुलतो. द्रवात त्याला कायमची जागा नसते, पण शेजाऱ्यांचा गराडा सुटत नाही. एका घोळक्यातून निसटला की दुसऱ्या घोळक्यात अडकतो. वायूत तो सरळ रेषेत सुसाट जातो, कोणावर तरी आपटतो आणि दिशा बदलतो. पाणी उकळत नसतानाही का वाळतं हेही क्लॉसियसने सांगून टाकलं. सगळे रेणू सारख्या वेगाचे नसतात. पृष्ठभागाजवळचा एखादा जास्त जोरात असलेला रेणू शेजाऱ्यांची ओढ तोडून बाहेर पडतो. जोरातले निघून गेले की मागे राहिलेल्यांची सरासरी ऊर्जा घटते, म्हणजे पाणी गार होतं. आपला माठ याच तत्त्वावर चालतो. हॉस्टेलच्या गॅलरीत टाकलेली जीन्स जुलैत तीन दिवस वाळत नाही, कारण तेव्हा जेवढे रेणू बाहेर पडतात जवळजवळ तेवढेच दमट हवेतून परत येऊन बसतात.

क्लॉसियसच्या हिशोबाने हवेच्या रेणूचा वेग सेकंदाला काही शे मीटर निघाला. (आजचा आकडा नायट्रोजनसाठी खोलीच्या तापमानाला साधारण ५०० मीटर, म्हणजे ताशी १८०० किलोमीटर.) यावर हॉलंडच्या बाइस बालट नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये एक मार्मिक शंका काढली. रेणू एवढे सुसाट असतील, तर खोलीच्या एका टोकाला काढलेला वास दुसऱ्या टोकाला क्षणात यायला हवा. तो तर येत नाही! मेसमध्ये फोडणी पडल्यापासून आपल्या नाकाला कळेपर्यंत किती वेळ जातो ते आठवा. क्लॉसियसने उत्तर दिलं की रेणू वेगवान आहे खरा, पण त्याला मोकळा रस्ता कुठे मिळतो? साध्या हवेत रेणू दोन टकरींच्या मधे जेमतेम ७० नॅनोमीटर जातो आणि सेकंदाला सुमारे सात अब्ज वेळा आपटतो. पळतो खूप, पोचत नाही कुठेच. मला यावरून सबमिशनचा आठवडा आठवतो.

यानंतर मॅक्सवेलने १८६० मध्ये दाखवलं की प्रत्येक रेणूचा वेग शोधत बसायची गरजच नाही. किती रेणू कोणत्या वेगाचे, याची वाटणी ठरलेली असते आणि ती गणिताने काढता येते. परीक्षेच्या मार्कांसारखं आहे हे. कोणाला किती पडले ते माहीत नसलं तरी वर्गाचा ग्राफ कसा येणार ते माहीत असतं.

बोल्ट्झमनने हे वाचलं आणि त्याला आयुष्याचं काम मिळालं. १८६६ ला डॉक्टरेट, आणि १८६८ ला, म्हणजे चोविसाव्या वर्षी, त्याने मॅक्सवेलची वाटणी कितीतरी पुढे नेली. रेणूवर गुरुत्वाकर्षणासारखं एखादं बल असेल तरी वाटणीचा नियम काय राहील, ते त्याने काढलं. नियम असा की एखाद्या जागी जायला जितकी जास्त ऊर्जा लागते, तितके तिथे रेणू कमी सापडतात, आणि ही घट एक्स्पोनेन्शियल असते. तापमान वाढलं की घट सौम्य होते. एवढंच. पण या एका ओळीत काय काय बसतं ते बघा. डोंगरावर हवा विरळ का, याच नियमाने. पाणी तापवलं की वाफ इतक्या झपाट्याने का वाढते, याच नियमाने. केमिकलवाल्यांचं अऱ्हेनियस इक्वेशन, तेच. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या डायोड इक्वेशनमध्ये जे सुमारे २६ मिलिव्होल्ट डोळे मिटून टाकतो, तेही हेच! ट्रान्झिस्टर तर सोडाच, इलेक्ट्रॉनचासुद्धा शोध लागलेला नव्हता तेव्हाचा नियम आहे हा.

१८६९ मध्ये, पंचविशीत, तो ग्राझ विद्यापीठात प्रोफेसर झाला. (आपल्यातले बरेच जण पंचविशीत कॅम्पस प्लेसमेंटच्या पहिल्या नोकरीला शिव्या देत असतील.) मधे हायडेलबर्ग आणि बर्लिनला जाऊन बुन्सेन, किर्चहॉफ, हेल्महोल्ट्झ अशा दिग्गजांबरोबर काम करून आला. आणि १८७२ साली त्याने ते समीकरण लिहिलं ज्याला आज बोल्ट्झमन इक्वेशन म्हणतात. वायूच्या रेणूंची वाटणी कशीही बिघडलेली असू दे, टकरा होत होत ती वेळेनुसार कशी बदलते हे त्यात मांडलंय. त्यावरून त्याने दाखवलं की टकरांमुळे वाटणी शेवटी मॅक्सवेलच्याच वाटणीकडे जाते, उलट कधी नाही. म्हणजे गरम चहा गार का होतो आणि गार चहा आपोआप गरम का होत नाही, याचं कारण त्याला रेणूंच्या टकरांमध्ये सापडलं होतं. हे समीकरण अजून म्हातारं झालेलं नाही. अवकाशयान विरळ हवेत शिरताना त्याच्याभोवतीचा प्रवाह काढायला ते लागतं, सेमीकंडक्टरमधल्या इलेक्ट्रॉनसाठी लागतं, आणि सीएफडीवाल्यांची लॅटिस बोल्ट्झमन पद्धत त्यातूनच निघाली आहे. फ्रान्सच्या सेड्रिक व्हिलानीला २०१० मध्ये फील्ड्स मेडल मिळालं, त्यातही या समीकरणावरच्या कामाचा वाटा होता.

याच काळात त्याला हेन्रिएट फॉन आयगेन्टलर भेटली. तिला विद्यापीठात गणित आणि फिजिक्स शिकायचं होतं, पण मुलींना वर्गात बसू देत नव्हते. आधी परवानगी मिळाली, मग काढून घेतली. बोल्ट्झमनने तिला वरपर्यंत अर्ज करायला लावला आणि ती परवानगी परत मिळवून आली. १८७६ मध्ये त्यांचं लग्न झालं. त्याने नंतर ग्राझजवळ शेतावरचं घर घेतलं. मुलांना ताजं दूध मिळावं म्हणून हे प्रोफेसर महाशय बाजारातून गाय विकत घेऊन, दोरी हातात धरून गावातून चालत घरी आले, आणि दूध कसं काढायचं हे विचारायला प्राणिशास्त्राच्या प्रोफेसरकडे गेले अशी गोष्ट सांगतात. जाड भिंगांचा चष्मा, कुरळी दाढी, बुटका गोलमटोल देह आणि हातात गाय... ग्राझच्या लोकांना बघायला मजा आली असणार.

पण सगळं गोड चाललं नव्हतं. त्याच्या १८७२ च्या सिद्धांतावर पहिली कुऱ्हाड त्याच्या मित्रानेच घातली. १८७६ मध्ये लोश्मिटने विचारलं की न्यूटनचे नियम तर पुढे आणि मागे सारखेच चालतात. समजा सगळ्या रेणूंचे वेग एका क्षणी नेमके उलटे केले, तर सगळी गोष्ट मागे जाईल आणि गार चहा गरम होईल. न्यूटनला ते चालतं. मग तुझा एकाच दिशेने जाणारा नियम आला कुठून?

प्रश्न बिनतोड होता. आणि मला वाटतं बोल्ट्झमनचा खरा मोठेपणा इथे आहे, कारण या टोल्यातून त्याने १८७७ मध्ये आपलं सगळ्यात मोठं काम उभं केलं. त्याने सांगितलं की उलटं होणं अशक्य नाही. ते फक्त अतिशय, अतिशय दुर्मीळ आहे.

कसं ते हॉस्टेलच्या भाषेत बघू. चार मित्र आहेत आणि दोन मेस आहेत, ए आणि बी. प्रत्येक जण मनाला येईल त्या मेसमध्ये जातो. एकूण प्रकार सोळा. चारही जण ए मध्येच, असा प्रकार फक्त एक. दोन इथे आणि दोन तिथे, असे प्रकार सहा. म्हणून कोणी न ठरवता बहुतेक वेळा गर्दी दोन्हीकडे वाटली जाते. आता मित्र शंभर करा. सगळे ए मध्येच जाण्याची शक्यता १० च्या ३० व्या घातात एक इतकी खाली येते. आणि ग्लासभर पाण्यात रेणू असतात १० च्या २४ व्या घातापेक्षा जास्त. तिथली शक्यता लिहायला कागद पुरणार नाही. रेणूंना कोणी हुकूम दिलेला नाही. त्यांना घरचा रस्ता माहीत नाही. ते आंधळेपणाने आपटत असतात आणि ज्या स्थितीत जास्त प्रकारांनी राहता येतं तिथेच जाऊन पडतात, कारण तशा जागाच जास्त आहेत. बोल्ट्झमन म्हणाला की एन्ट्रॉपी म्हणजे या प्रकारांच्या संख्येचा लॉगॅरिदम. संपलं!

आता परत स्टीम टेबल घ्या. एक किलो बर्फ शून्य अंशाला वितळतो तेव्हा एन्ट्रॉपी सुमारे १.२२ किलोज्यूल पर केल्विनने वाढते. तेच एक किलो पाणी शंभर अंशाला वाफ होतं तेव्हा सुमारे ६.०५ ने. जवळजवळ पाचपट! का? बर्फात रेणू आपल्या खुंटीला बांधलेला असतो, थरथरण्यापलीकडे त्याला मुभा नाही. पाणी झाल्यावर तो हिंडायला लागतो, पण गर्दी तेवढीच दाट असते. मुभा वाढली, पण माफक. वाफ झाली की एक लिटरचे जवळपास १६०० लिटर होतात, रेणू कुठेही असू शकतो आणि कुठल्याही दिशेला जाऊ शकतो. राहण्याचे प्रकार अफाट वाढतात. तो शेवटचा कॉलम म्हणजे रेणूंच्या मोकळीकीचा हिशोब आहे, आणि एकदा असं बघितलं की त्याची भीती निम्म्याने तरी जाते.

ग्राझमधली चौदा वर्षं त्याच्या सुखाची होती. १८८४ मध्ये त्याने स्टेफानने प्रयोगांवरून काढलेला रेडिएशनचा नियम थिअरीतून सिद्ध करून दाखवला. मग एकामागून एक फटके बसले. १८८५ ला आई गेली. १८८८ मध्ये बर्लिनने किर्चहॉफची खुर्ची देऊ केली. त्याने होकार दिला आणि मग माघार घेतली, आणि या घोळाचा त्याला भयंकर मनस्ताप झाला. १८८९ मध्ये अकरा वर्षांचा मोठा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्याने वारला. त्यानंतर बोल्ट्झमनचे पाय कुठे स्थिर झाले नाहीत. १८९० ला म्युनिक, १८९४ ला व्हिएन्ना, १९०० ला लाइपझिग, १९०२ ला परत व्हिएन्ना. मनाचे चढ-उतार वाढत गेले. आजच्या भाषेत त्याला बायपोलर आजार असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

आणि याच काळात रेणूंविरुद्धची फळी मजबूत झाली. १८९५ मध्ये व्हिएन्नालाच एर्न्स्ट माख प्रोफेसर म्हणून आला. एरोवाल्यांचा मॅक नंबर तो याच माखचा. त्याचं म्हणणं असं की शास्त्राने फक्त अनुभवाला येणाऱ्या गोष्टींबद्दल बोलावं. रेणू अनुभवाला येत नाहीत, तर ते खरे आहेत असं म्हणू नका. दुसरा विल्हेल्म ऑस्टवाल्ड, थोर केमिस्ट. त्याच्या मते जग ऊर्जेचं बनलेलं आहे आणि रेणूंची गरजच नाही. गंमत म्हणजे ऑस्टवाल्ड हा बोल्ट्झमनचा चांगला मित्र होता. माखचं म्हणणं मला मूर्खपणाचं वाटत नाही. न दिसणाऱ्या गोष्टींवर सहज विश्वास ठेवू नये हे शास्त्राचंच तर शिक्षण आहे. पण रेणू मानले की वायूचा दाब, त्याची व्हिस्कॉसिटी, उष्णतेचं वहन हे सगळं एकाच हिशोबातून बाहेर पडतं, आणि न मानल्यास प्रत्येकासाठी वेगळा नियम पाठ करावा लागतो. बोल्ट्झमनचा सगळा भर यावर होता.

सप्टेंबर १८९५ मध्ये जर्मनीतल्या ल्युबेक गावी परिषद भरली. ऊर्जावाद्यांच्या बाजूने हेल्म आणि ऑस्टवाल्ड, विरुद्ध बोल्ट्झमन. तिथे हजर असलेल्या आर्नोल्ड झोमरफेल्डने नंतर या सामन्याची तुलना बैल आणि बैलाशी झुंजणाऱ्या चपळ खेळाडूशी केली. फक्त या वेळी बैल जिंकला. तरुण गणिती सगळे बोल्ट्झमनच्या बाजूला होते. पण एक दिवस जिंकून वारं फिरत नाही. पुढच्याच वर्षी झेर्मेलो नावाच्या तरुणाने नवी शंका काढली, की बंद डब्यातले रेणू कधी ना कधी मूळ स्थितीजवळ परत यायलाच हवेत असं गणित सांगतं, मग एन्ट्रॉपी कायम वाढेल कशी? बोल्ट्झमनने उत्तर दिलं की येतील, जरूर येतील, पण त्याला लागणारा काळ इतका प्रचंड आहे की वाट बघायला कोणी उरणार नाही. १८९८ मध्ये वायूंवरच्या त्याच्या व्याख्यानांचा दुसरा भाग छापून आला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने लिहिलं की काळाच्या प्रवाहाविरुद्ध आपण एकटे दुबळेपणाने झगडतोय याची आपल्याला जाणीव आहे, पण पुढे कधी लोक या सिद्धांताकडे वळले तर त्यांना सगळं पुन्हा शोधावं लागू नये म्हणून हे लिहून ठेवतोय. ज्याच्या समीकरणांवर आज आपली अर्धी डिग्री उभी आहे, त्याने आपलं पुस्तक असं, एखादी वस्तू जमिनीत पुरून ठेवावी तसं लिहिलं.

लाइपझिगला ऑस्टवाल्डनेच त्याला बोलावलं होतं, पण तिथे तब्येत पार ढासळली. व्हिएन्नाने त्याची रिकामी खुर्ची परत दिली, ती मात्र पुन्हा देशाबाहेरची नोकरी घेणार नाही असा शब्द घेऊनच. परत आल्यावर १९०३ पासून माखने सोडलेली तत्त्वज्ञानाची व्याख्यानंही तोच द्यायला लागला, आणि पहिल्या व्याख्यानाला मोठ्यातला मोठा हॉल कमी पडला. शिक्षक म्हणून तो लाजवाब असावा. लिझ माइटनर, जिने पुढे युरेनियमच्या केंद्रकाच्या फुटण्याचा अर्थ लावला, ती त्याची विद्यार्थिनी. तिच्या आठवणीप्रमाणे एका मोठ्या फळ्यावर तो मुख्य गणित लिहायचा आणि बाजूच्या दोन लहान फळ्यांवर मधल्या पायऱ्या. तास संपल्यावर फळे बघून अख्खं लेक्चर परत मांडता यायचं. (आमच्याकडे डस्टर फिरल्यावर सगळंच मोक्षाला जातं. कोणी मनावर घेऊ नये!)

१९०५ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला शिकवायला गेला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत व्याख्यानं दिली. बर्कलीत दारूबंदी होती आणि तिथलं पाणी पचेना, म्हणून शेजारच्या ओकलंडहून वाइनच्या बाटल्या चोरून आणल्या. या सगळ्याचं त्याने नंतर असं खुसखुशीत प्रवासवर्णन लिहिलं की ते लिहिणारा माणूस वर्षभरात जाणार आहे हे वाचून खरं वाटत नाही.

दमा, डोकेदुखी, अधू झालेली नजर. स्वतःचे पेपर वाचायला आणि लिहायला दुसऱ्याची मदत लागायची. मे १९०६ मध्ये शिकवणं थांबवावं लागलं. सप्टेंबरात हेन्रिएट आणि धाकटी मुलगी एल्सा यांना घेऊन तो त्रिएस्तेजवळच्या दुइनो या समुद्रकाठच्या गावी सुट्टीला गेला. ५ सप्टेंबर १९०६ रोजी तिथेच त्याने आपलं आयुष्य संपवलं. वय ६२.

विरोधकांनी त्याला मारलं असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते फार सोपं उत्तर वाटतं. माख तोपर्यंत पक्षाघाताने घरी बसला होता, ऑस्टवाल्ड मित्रच होता, आणि बोल्ट्झमनच्या बाजूने तरुणांची मोठी पिढी उभी होती. तो आजारी होता, आणि त्या काळी त्या आजारावर औषध नव्हतं. वाद हरल्याने माणूस जातो असं म्हटलं तर आजार दिसतच नाही, आणि तो दिसायला हवा.

शिवाय तो वाद हरला नव्हता. त्याच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १९०५ मध्ये, बर्नच्या पेटंट ऑफिसमधल्या सव्वीस वर्षांच्या आइन्स्टाइनने आनालेन डेर फिजिक या मासिकात एक पेपर छापला होता. पाण्यात तरंगणारा सूक्ष्म कण रेणूंचे धक्के खात किती वेळात किती सरकेल, याचा त्यात बोल्ट्झमनच्याच पद्धतीने केलेला हिशोब होता. १९०६ मध्ये स्मोलुखोव्स्कीनेही स्वतंत्रपणे तेच काढलं, आणि तो तर व्हिएन्नाचाच विद्यार्थी. साक्षीदार कोर्टाच्या दारापर्यंत आला होता.

त्याला आत नेलं पॅरिसच्या जां पेरँने. १९०८ मध्ये त्याने गॅम्बोज नावाच्या पिवळ्या डिंकाचे एकसारखे बारीक गोळे बनवले (हा डिंक आपल्या कोकमाच्या भाऊबंद झाडाचा), ते पाण्यात सोडले आणि मायक्रोस्कोपखाली वेगवेगळ्या उंचीवर किती गोळे आहेत ते मोजत बसला. पाण्याचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा. गोळे तळाशी दाट आणि वर विरळ होते, आणि ही घट अगदी १८६८ च्या नियमाप्रमाणे, एक्स्पोनेन्शियल! डोंगरावर हवा जशी विरळ होते तशीच, फक्त इथे डोंगर केसाच्या जाडीचा होता. त्या मोजणीवरून एका मोलमध्ये किती रेणू असतात तेही निघालं. आता नुसती हिशोबाची सोय असं म्हणायला जागा उरली नाही. १९०९ साली ऑस्टवाल्डने आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत रेणू-अणू असल्याचं जाहीर मान्य केलं. पेरँला १९२६ चं नोबेल मिळालं. बोल्ट्झमनला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्याच्या कबरीवर पांढऱ्या दगडाचा अर्धपुतळा आहे आणि वर एक समीकरण कोरलंय, एस बरोबर के लॉग डब्ल्यू. डब्ल्यू म्हणजे आपण मेसच्या उदाहरणात मोजले ते प्रकार. या नेमक्या रूपात ते बोल्ट्झमनने कधी लिहिलंच नाही. तसं लिहिलं माक्स प्लांकने, १९०० च्या सुमारास, आणि त्यातल्या के ची किंमतही पहिल्यांदा त्यानेच काढली. नाव मात्र बोल्ट्झमनचंच पडलं. पूर्वी केल्विन हे एकक पाण्याच्या ट्रिपल पॉइंटवरून ठरत असे, म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ जिथे एकत्र नांदतात त्या तापमानावरून. २० मे २०१९ पासून ते के वरून ठरतं, आणि के ची किंमत कायमची पक्की केली आहे. १.३८०६४९ गुणिले १० चा उणे २३ वा घात, ज्यूल पर केल्विन.